पहिल्या सफरीचं खूळ

मागच्या वर्षी मी माझ्याकडचं ‘फ्रान्स’ निळं रंगवलं. ‘फ्रान्स’ हे फ्रेंच प्रवासी जहाज; माझ्याकडे आहे ते त्याचं सव्वीस सेंटिमीटर लांबीचं धातूचं मॉडेल, ट्राय-अँग मिनिक या ब्रिटिश खेळण्यांच्या ब्रँडने साठच्या दशकात काढलेलं. मला ते स्वस्तात मिळालं, कारण डोलकाठी तुटलेली होती, खोका गायब होता आणि काळा रंग जागोजागी उडाला होता. मी उरलेला रंग खरवडून काढला, वर प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांचे दोन मजले चढवले, पुढच्या डेकवर दोन जाडजूड बोटी बसवल्या आणि सगळ्या अंगाला गडद निळा रंग दिला. कारण हे जहाज १९७९ साली विकलं गेलं, ‘नॉर्वे’ झालं, निळं झालं, आणि १९९०मध्ये त्याच्या डोक्यावर खरोखरच दोन मजले वाढवले गेले.

फोटो मी एका ज्येष्ठ संग्राहकांना पाठवला. या विषयातलं मला जे काही कळतं त्यातलं निम्मं त्यांनी शिकवलेलं आहे. तासाभरात फोन आला.

“अरे, हे काय करून ठेवलंस? चांगलं जहाज वाया घालवलंस.”

“काका, वाया कसं? ‘फ्रान्स’ म्हणून ते बारा वर्षं चाललं. ‘नॉर्वे’ म्हणून तेवीस.”

“ते असू दे. ‘फ्रान्स’ म्हणजे १९६२चं ‘फ्रान्स’.”

हा लेख काकांशी भांडण आहे, आणि काका एकटे नाहीत. आमच्या छंदात सगळीकडे हा अलिखित नियम चालतो: जहाज दाखवायचं ते पहिल्या सफरीला निघालं तेव्हाचं. नवा रंग, पूर्ण वैभव, बँड वाजतोय, धक्क्यावर रुमाल हलताहेत. त्यानंतर त्या जहाजाचं जे काही झालं ती पडझड. ती कपाटात नको. मला वाटतं हा नियम खोटा आहे, आणि आपल्याकडच्या माणसाने तर तो कधीच मानायला नको होता.

ज्यांना या छंदाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं. ही मॉडेल्स बहुतेक १:१२०० किंवा १:१२५० या प्रमाणात असतात. पहिलं प्रमाण इंग्रजी मापाचं: शंभर फुटांना एक इंच. दुसरं जर्मनीत आणि युरोपात रुजलेलं. इंग्लंडमध्ये बॅसेट-लोक, जर्मनीत विकिंग ही जुनी नावं. सैनिकांना दुरून जहाजं ओळखायला शिकवण्यासाठीही असली मॉडेल्स वापरली जात, आणि म्हणून ती पाण्याच्या रेषेवर कापलेली असतात. पाण्याखालचा भाग नसतोच. टेबल म्हणजे समुद्र. १९५८च्या सुमारास लाइन्स ब्रदर्स या कंपनीने मिनिक जहाजं काढली ती मुलांसाठी: ‘क्वीन मेरी’, ‘क्वीन एलिझाबेथ’, ‘युनायटेड स्टेट्स’, ‘ॲक्विटेनिया’, ‘फ्रान्स’, शिवाय धक्के, क्रेन आणि बरंच काही. आज चांगली मॉडेल्स मुख्यतः जर्मनीतले छोटे छोटे उत्पादक काढतात. मूळ नमुना हाताने घडवायचा, त्यावरून रबराचा साचा, आणि त्यात वितळलेला मऊ मिश्रधातू ओतायचा. मध्यम आकाराचं एखादं प्रवासी जहाज शंभर युरोच्या पुढे जातं. वर कस्टम्स. माझ्या वयाचे मित्र या पैशांत काय काय घेतात ते मला माहीत आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

या प्रमाणात ‘टायटॅनिक’ साडेएकवीस सेंटिमीटर होतं, ‘क्वीन मेरी’ पंचवीस. पावणेसहा फुटी माणूस दीड मिलिमीटरहूनही कमी. साधारण खसखशीच्या दाण्याएवढा. त्यामुळे मॉडेलवर माणसं नसतात, आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. धातू ओतून खसखस करता येत नाही. पण माणसं नसल्यावर जहाजाचा काळ सांगणारी एकच गोष्ट उरते, त्याचं रूप: रंग, धुरांडी, वाढवलेले मजले, काढून टाकलेले मजले. तेही पहिल्या दिवशी गोठवलं, की जहाजाला आयुष्य होतं याचा पुरावाच राहत नाही.

काकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा अचूकतेचा आहे, आणि तो मी हलका धरत नाही. जहाज बांधतानाचे आराखडे असतात, गोदीतले फोटो असतात. मॉडेलची प्रत्येक डोलकाठी त्यांच्याशी ताडून बघता येते. नंतरच्या बदलांची कागदपत्रं विखुरलेली असतात, कोणत्या वर्षी कोणती शिडी हलवली हे शोधताना डोळे फुटतात. खरं आहे. पण म्हणजे काय झालं? जे शोधायला सोपं ते खरं आणि जे शोधायला कठीण ते अशुद्ध? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोणी पहिल्या दिवशीचा कोड दाखवून “हेच खरं सॉफ्टवेअर, बाकी सगळी नंतरची ठिगळं” म्हणाला तर लोक त्याला चहा पाजून घरी पाठवतील.

आणि हे अचूकतेचं प्रेम धुरांड्यापाशी आलं की कसं बदलतं ते बघा. पी अँड ओ कंपनीची ‘स्ट्रॅथनेव्हर’ आणि ‘स्ट्रॅथएर्ड’ ही भावंडं १९३१-३२मध्ये लंडन–मुंबई–ऑस्ट्रेलिया मार्गावर आली. पांढरीशुभ्र, तीन पिवळी धुरांडी. तिन्हींपैकी फक्त मधलं खरं. पहिलं आणि तिसरं शोभेचं, कारण जास्त धुरांडी म्हणजे जास्त ताकद अशी प्रवाशांची समजूत होती आणि कंपन्या ती मोडत नसत. महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत ही दोन्ही सोंगं काढून टाकली आणि दोन्ही जहाजं एका धुरांड्याची झाली. मग १९५४पासून त्यांच्यात वरचा वर्ग, खालचा वर्ग असा भेदही राहिला नाही. सगळी एकाच वर्गाची, ऑस्ट्रेलियात नशीब काढायला निघालेल्या साध्या ब्रिटिश कुटुंबांनी भरलेली. आता अचूकता हवी असणाऱ्या संग्राहकाला ‘स्ट्रॅथएर्ड’ कोणतं हवं असतं? तीन धुरांड्यांचं. ज्यातली दोन खोटी आहेत ते.

मला संशय आहे की ही सवय ‘टायटॅनिक’ने लावली. पहिली सफर हेच ज्याचं संपूर्ण आयुष्य, असं गाजलेलं जहाज ते. बाकीची जगली. त्याचं जुळं ‘ऑलिंपिक’ चोवीस वर्षं चाललं. एका युद्धनौकेशी टक्कर झाली, युद्धात वेड्यावाकड्या पट्ट्यांचा रंग फासून सैनिक वाहिले, एक जर्मन पाणबुडी धडक देऊन बुडवली, आणि शेवटी १९३५मध्ये इंग्लंडमधल्या जॅरोला तोडायला नेलं, तिथल्या बेकारांना काम मिळावं म्हणून. एवढं सगळं केलेलं जहाज आमच्या कपाटात कशासाठी असतं? ‘टायटॅनिक’च्या शेजारी उभं करायला. तेही १९११चं.

‘फ्रान्स’कडे परत येतो, कारण माझं भांडण मुळात तिथून सुरू झालं. सँ-नझेरच्या गोदीत बांधलेलं हे जहाज १९६०मध्ये पाण्यात सोडलं ते राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इव्हॉन द गॉल यांच्या हस्ते. ३ फेब्रुवारी १९६२ला ल हाव्रहून न्यूयॉर्कला पहिली सफर. लांबी ३१६ मीटर, त्या वेळी जगातलं सगळ्यात लांब प्रवासी जहाज. धुरांड्यांना दोन्ही बाजूंना पंख होते, धूर डेकवर येऊ नये म्हणून. तोपर्यंत अटलांटिक ओलांडायला लोक विमानं घेऊ लागले होते. १९७४मध्ये सरकारने हात आखडता घेतला आणि जहाज बंद झालं. पाच वर्षं ते नुसतं उभं होतं. मग नॉर्वेजियन मालकाने घेतलं, चारपैकी दोन पंखे काढले, पुढची इंजिनं बंद केली आणि कॅरिबियनमध्ये सुटीच्या सफरींना लावलं. त्याला आता वेगाची गरज नव्हती. मोठं जहाज असूनही छोट्या बेटांवर माणसं उतरवता यावीत म्हणून पुढच्या डेकवर दोन बोटी बसवल्या. माझ्या मॉडेलवरच्या त्या जाडजूड बोटी त्या. अटलांटिकवरच्या शर्यतीतून बाहेर पडलेल्या जहाजाने आजच्या क्रूझ धंद्याचा रस्ता दाखवला तो याच निळ्या अवतारात. हे ज्याला पडझड वाटतं त्याने पडझड या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा.

२५ मे २००३ला मायामीच्या बंदरात जहाजाचा बॉयलर फुटला. आठ जण मेले. आठही कर्मचारी, प्रवाशांपैकी कोणालाही काही झालं नाही. बॉयलर जिथे होता ती जागा आमच्या कुठल्याच मॉडेलमध्ये नाही, कारण ती पाण्याच्या रेषेखाली आहे.

त्यानंतर ते ओढत जर्मनीला, तिथून मलेशियाला, आणि २००६च्या ऑगस्टमध्ये भावनगर जिल्ह्यातल्या अलंगच्या किनाऱ्यावर. मी तेव्हा शाळेत होतो. बातम्यांमध्ये त्याचं नाव ‘ब्लू लेडी’ होतं. सर्वोच्च न्यायालयात खटला चालू होता, कारण जहाजाच्या भिंतींमध्ये आणि पाइपांभोवती शेकडो टन ॲस्बेस्टॉसयुक्त सामग्री होती आणि ती काढणार होते अलंगचे मजूर. सप्टेंबर २००७मध्ये न्यायालयाने तोडायला परवानगी दिली. २००८मध्ये जहाज संपलं.

पण सगळं नाही. जहाजाच्या नाळेचं टोक, अगदी पुढचा नाकासारखा भाग, कापून वेगळा ठेवला गेला. तो समुद्रमार्गे फ्रान्सला परत गेला आणि २००९मध्ये पॅरिसमध्ये इतर आठवणींच्या वस्तूंसोबत त्याचा लिलाव झाला. हे वाचलं तेव्हा मला आमचा छंद आरशात बघितल्यासारखा वाटला. नाक पॅरिसला, ॲस्बेस्टॉस अलंगला. मिरवायचं तेवढं उचलून नेलं, बाकी ज्यांनी निस्तरलं त्यांनी निस्तरलं. काकांचं १९६२चं ‘फ्रान्स’ म्हणजे हेच नाक आहे, फक्त लांबीने सव्वीस सेंटिमीटर.

इथे मला आपल्या माणसांबद्दल बोलायचं आहे. पी अँड ओच्या जहाजांवरचे डेकवरचे खलाशी मोठ्या प्रमाणात काठियावाड आणि कोकणकिनाऱ्यावरून येत. खानसामे, वाढपी, आचारी गोव्याचे. धोबी तलावच्या आसपास गोव्यातल्या गावागावांचे कूड होते. एका गावाच्या माणसांनी मिळून चालवलेलं बिऱ्हाड, जिथे दोन सफरींच्या मधले दिवस ट्रंक ठेवायला आणि पाठ टेकायला जागा मिळे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांहून अधिक आशियाई खलाशी होते. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश कायद्याने ब्रिटिश खलाशाला झोपायला ७२ घनफूट जागा ठरवली होती. भारतात करार केलेल्याला निम्मी, ३६. मी एकदा रात्री बसून हिशेब केला. १:१२५०च्या मॉडेलमध्ये गोऱ्या खलाशाच्या वाट्याला एक घन मिलिमीटर येतो. आपल्याला अर्धा.

या माणसांसाठी पहिली सफर म्हणजे काय होतं? करारांच्या मालिकेतला एक करार. सारंगाने गावातून माणसं जमवायची, वर्ष-दीड वर्ष जहाजावर काढायचं, परत यायचं, पुन्हा बंदरात नाव लावायचं. त्यांच्या लेखी जहाजाचं आयुष्य होतं ते सगळं मधलं, फोटो न काढलेलं. पंधरावं वर्ष, एकोणिसावं वर्ष. आपल्या बाजूने बघायला गेलं तर जहाजाचं मधलं आयुष्य कोकणाने आणि गोव्याने चालवलं आणि शेवट अलंगने केला. बेलफास्ट आणि सँ-नझेरच्या वाट्याला सुरुवात आली. मग मुंबई-पुण्यात बसलेल्या संग्राहकाने कपाटात फक्त सुरुवात मांडावी याला मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणं म्हणतो. रागावून म्हणतो.

तसंही पहिल्या सफरीला काही मोठं घडतं कुठे? २९ ऑगस्ट १९३१ला गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले ते ‘राजपूताना’ जहाजातून, दुसऱ्या वर्गाने. ‘राजपूताना’ १९२५चं. त्याच्या पहिल्या सफरीला कोण होतं हे कोणाला सांगता येईल? किंवा हॅम्बुर्गचं ‘मॉन्टे रोझा’ घ्या. नाझींच्या काळात कामगारांच्या सहली नेल्या, १९४२मध्ये नॉर्वेतल्या ज्यूंना छळछावण्यांच्या वाटेवर नेलं, युद्धानंतर इंग्रजांनी ताब्यात घेऊन नाव बदललं, आणि जून १९४८मध्ये ‘एम्पायर विंडरश’ म्हणून कॅरिबियनमधली माणसं टिलबरीला उतरवली. एकच लोखंड. याच्या पहिल्या सफरीचं मॉडेल करून आपण नक्की काय साजरं करतो आहोत?

आता दुसऱ्या बाजूचे लोक. माझे काही मित्र, वाचणारे, लिहिणारे, माझं कपाट बघून हसतात. साहेबांची जहाजं गोळा करतोस, म्हणतात. गुलामीची हौस. यांच्याशीही मला भांडायचं आहे, थोडक्यात. बाबांनो, तुम्ही हे कपाट फेकून द्यायला सांगता तेव्हा काकांचंच काम पुढे नेता. काका जहाजाचं मधलं आयुष्य पुसतात, तुम्ही जहाजच पुसता. आगवाले आणि कोळसेवाले कशात राबत होते हे दाखवायला हातात धरता येईल अशी किती साधनं आहेत आपल्याकडे? मी ‘स्ट्रॅथनेव्हर’ उचलून एखाद्याच्या तळहातावर ठेवतो, खालची सपाट बाजू दाखवतो आणि म्हणतो, बॉयलर याच्या खाली होते, जिथे धातू संपतो तिथून पुढे. माणूस पुढचा प्रश्न स्वतःहून विचारतो. मोठा निबंध वाचायला दिला असता तर विचारला नसता.

काकांनी आणखी एक मुद्दा काढला होता: रंग बदललेल्या मॉडेलची किंमत उतरते. उतरते. पण किंमत वाढेल म्हणून जे खोक्यातून न काढता ठेवतात त्यांना धातूच कसा उत्तर देतो ते त्यांनी बघितलेलं आहे. जुन्या जस्ताच्या ओतकामात शिशाचा अंश राहिला असेल तर काही वर्षांनी धातू आतून फुगतो, तडकतो, भुगा होतो. संग्राहक त्याला जस्ताची कीड म्हणतात. एकदा लागली की उपाय नाही. शिशाची मॉडेल्स बंद लाकडी कपाटात ठेवली तर लाकडातून, खास करून ओक आणि प्लायवूडमधून सुटणाऱ्या ॲसिटिक ॲसिडच्या वाफेने त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, आणि डोलकाठ्या आधी जातात. म्हणजे प्रेमाने बनवून घेतलेलं उंची लाकडी कपाट हाच मोठा शत्रू. काच आणि धातूचं कपाट घ्या, हवा खेळती ठेवा. हे सगळं काकांनीच मला शिकवलं, त्यांची दोन जहाजं गेल्यावर. पहिल्या दिवसाचं जपून ठेवू म्हटलं तरी मॉडेलसुद्धा राहत नाही.

मी कोणाला मॉडेल्स फोडायला सांगत नाही. चांगल्या स्थितीतलं, खोक्यासकट असलेलं जुनं मिनिक जहाज मीही खरवडणार नाही. माझी मागणी साधी आहे. कपाटातल्या प्रत्येक जहाजाखाली वर्ष लिहा. ‘फ्रान्स’ एवढंच नको, ‘फ्रान्स, १९६२’. एवढं केलं की बाकीची वर्षं आपोआप रिकामी दिसायला लागतात. मग एखादं तुटकं, बिनखोक्याचं मॉडेल मिळालं की ते मधल्या कुठल्या तरी वर्षाचं करा. सैनिक नेतानाचं राखाडी करा, नव्या मालकाच्या रंगातलं करा. कोणाची हिंमत असेल तर अलंगला नाक चिखलात रुतवून अर्धं कापलेलं करा. मला अजून जमलेलं नाही, दोनदा प्रयत्न करून सोडून दिलं. कापलेल्या जहाजाच्या आत काय दिसतं ते करायला आधी आतलं माहीत असावं लागतं, आणि आमची मॉडेल्स आतून भरीव असतात.

सध्या टेबलावर ‘स्ट्रॅथएर्ड’ आहे, जुनं, सोळा सेंटिमीटरचं, कोणी ओतलं ते तळाशी कोरलेलं नाही. आधीच्या मालकाने त्याला कधीतरी दाट पांढरा ऑइलपेंट फासला होता. त्याच्याखाली खिडक्यांच्या रांगा बुजल्या होत्या, त्या सुईने मोकळ्या करण्यात दोन रविवार गेले. पहिलं आणि तिसरं धुरांडं बारीक करवतीने कापायला मात्र दहा मिनिटंही लागली नाहीत. धातू मऊ आहे. खालची जागा घासून सपाट केली, डेकचा रंग दिला. खाली ‘१९५४’ लिहिणार आहे. फोटो काकांना पाठवला. या वेळी फोन आला नाही, मेसेज आला: “ती दोन धुरांडी टाकून देऊ नकोस.” डबीत घालून ठेवली आहेत.